तळाचे पाणी आणि तारलीचे अन्न

पावसाळा सरला की समुद्र मासळीने भरतो, हे रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातील जाणत्या दर्यावर्दींना कोणी शिकवावे लागत नाही. तो का भरतो, हे कळण्यास मात्र विसावे शतक उजाडावे लागले. त्या शोधाचा इतिहास आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

मद्रास इलाख्यात मत्स्यव्यवसायाचा अभ्यास करणारे जेम्स हॉर्नेल यांनी नायडू या सहकाऱ्यासह १९२४ साली मलबार किनाऱ्यावरील तारलीचा जीवनक्रम व तेथील प्लवक यांवर निबंध प्रसिद्ध केला. प्लवक म्हणजे पाण्यावर तरंगत वाहणारे सूक्ष्म जीव. तारलीचे नाते त्यांच्याशी आहे, हे ध्यानी आले. पुढे १९३३-३४ मध्ये सेमूर स्यूएल यांच्या नेतृत्वाखाली ‘माबाहिस’ या इजिप्शियन जहाजाने अरबी समुद्र पालथा घातला. मधल्या खोलीवर प्राणवायू जवळजवळ नसलेल्या पाण्याचा विस्तीर्ण थर तेव्हा आढळला. साठच्या दशकात अनेक राष्ट्रांनी मिळून हिंदी महासागराची पाहणी केली आणि तिच्या पाठोपाठ १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. आज तिचे मुख्यालय गोव्यात, दोनापावला येथे आहे.

या परिश्रमांतून जे उलगडले ते असे. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो. वारा आणि पृथ्वीचे परिवलन यांमुळे वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर सारले जाते व त्याची जागा घेण्यास खालचे थंड पाणी वर चढते. मृत जीवांचे अवशेष खोलवर कुजून त्या पाण्यात नत्र व स्फुरद साठलेले असते. शेताला शेणखत मिळावे, तसेच हे. खताला सूर्यप्रकाशाची जोड मिळताच वनस्पती-प्लवक फोफावतात. त्यांवर प्राणी-प्लवक पोसतात आणि या दोहोंवर तारली, बांगडा. केरळ-कर्नाटकाकडे हा उपसा जोरकस असतो, उत्तरेस कोकणाकडे तो ओसरत जातो. हिवाळ्यात प्रवाह उलटतो. उत्तर अरबी समुद्रात थंड, कोरड्या वाऱ्यांनी निवलेले पाणी जड होऊन खालच्या पाण्यात मिसळते व तेथेही प्लवक वाढतात, हे मधुप्रताप व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवले.

परंतु याच देणगीत धोकाही आहे. वर चढणाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी; त्यात मेलेले प्लवक कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपतो. पावसाचे गोडे पाणी वर झाकणासारखे पसरल्याने हवेतला प्राणवायू खाली पोहोचत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तळाची मासळी यामुळे जागा सोडते. ही स्थिती तीव्र होत असल्याचे नक्वी व सहकाऱ्यांनी २००० साली नोंदवले. जमिनीवरून वाहून येणारे नत्र हे त्याचे संभाव्य कारण त्यांनी मानले.

म्हणजे बांधावर टाकलेल्या जादा खताचा हिशेब शेवटी समुद्रात होतो. आपली बाग, आपला ओढा आणि कोळ्याचे जाळे एकाच पाण्याने जोडलेले आहे. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी किनाऱ्यावर ठेवण्याचा संयम आपल्या वाडवडिलांनी पाळला. तोच संयम आता शेतातही पाळावा लागेल, असे आम्हांस वाटते.