मौनाधिकार
गुन्ह्याचा संशय वा आरोप असलेल्या व्यक्तीस स्वतःला दोषी ठरवू शकेल असे उत्तर देण्यास भाग पाडता येऊ नये, हा फौजदारी न्यायपद्धतीतील हक्क. आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी अभियोग पक्षावर असते, या तत्त्वातून तो निष्पन्न होतो.

इंग्लंडमधील स्टार चेंबर हे न्यायालय संशयितास शपथ घालून प्रश्न विचारीत असे. जॉन लिलबर्न याने १६३७ मध्ये ही शपथ नाकारली व त्याबद्दल फटक्यांची शिक्षा भोगली. १६४१ मध्ये हे न्यायालय रद्द झाले. अमेरिकेच्या संविधानातील पाचव्या दुरुस्तीने (१७९१) या तत्त्वास संविधानात स्थान दिले. मिरांडा खटल्यातील निर्णयानुसार (१९६६) ताब्यातील संशयितास चौकशीपूर्वी मौनाचा व वकिलाचा हक्क समजावून देणे तेथील पोलिसांवर बंधनकारक झाले.

भारतात पोलिसांनी छळ करून कबुलीजबाब मिळविण्याच्या अनुभवामुळे, पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाब पुराव्यात अग्राह्य ठरविण्यात आला. १८७२ च्या पुरावा अधिनियमातील ही तरतूद (कलम २५) भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्येही कायम आहे. मात्र आरोपीने पोलिसांच्या ताब्यात असताना दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तुस्थिती उघडकीस आल्यास त्या माहितीचा तेवढाच भाग ग्राह्य ठरतो. महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम, १९९९ यानेही वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाबाबाबत अपवाद केला आहे.

संविधानाच्या अनुच्छेद २०(३) अन्वये आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचे नमुने घेणे म्हणजे अशी सक्ती नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये काठी काळू ओघड खटल्यात ठरविले.

पोलीस चौकशीच्या दृष्टीने नंदिनी सत्पथी खटला (१९७८) विशेष महत्त्वाचा होय. ओरिसाच्या या माजी मुख्यमंत्र्यांनी १९७७ मध्ये कटक येथे पोलिसांच्या लेखी प्रश्नांना उत्तरे देण्याचे नाकारले, म्हणून त्यांच्यावर खटला भरण्यात आला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निर्णयानुसार हे संरक्षण न्यायालयापुरते मर्यादित नसून पोलीस तपासापासूनच लागू होते. चौकशीच्या वेळी वकिलाची उपस्थिती मागणाऱ्यास ती नाकारू नये, असेही न्यायालयाने म्हटले. खटला रद्द झाला. तथापि दोषी ठरविणारी नसतील अशी उत्तरे देण्यास त्यांना सांगण्यात आले.

यावरून या हक्काची मर्यादा स्पष्ट होते. भारतीय कायद्यात मौन सरसकट नाही. ज्या उत्तराने फौजदारी आरोप ओढवण्याचा संभव आहे, तेवढेच नाकारता येते. प्रकरणाविषयीच्या अन्य प्रश्नांना खरी उत्तरे देणे बंधनकारक आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ मध्ये हाच नियम आहे (कलम १८०). सेल्वी खटल्यात (२०१०) संमतीशिवाय नार्को चाचणी, असत्यशोधक चाचणी व मेंदूच्या लहरींची चाचणी करण्यास मनाई झाली.

कोणता प्रश्न घातक आहे हे ओळखणे सामान्य संशयितास, विशेषतः कोठडीतील निरक्षर व निर्धन व्यक्तीस, कठीण असते. त्यामुळे या हक्काचे प्रत्यक्ष मोल वेळेवर मिळणाऱ्या विधिसाहाय्यावर अवलंबून राहते.