करेज्माच्या दिवसांत राचोलला

नळदुर्गच्या किल्ल्यात, पाणीमहालात, भर दुपारी जाऊन उभे राहा. बाहेर फाल्गुनाचं ऊन काळ्या दगडावर तडतडतंय आणि इथे बंधाऱ्याच्या पोटात मात्र गारवा आहे. बोरी नदी आटून हिरवी झालीय. डावा तळहात भिंतीवर ठेवा. हे बांधकाम 1613 चं. आता डोळे मिटा आणि फक्त चार वर्षं पुढे या. घाट उतरायचा, बैल बदलायचे, ओढे ओलांडायचे, तो सगळा त्रास मी तुमचा वाचवला.

उघडा डोळे. हात भिंतीवरच आहे, पण दगड तांबडा झालाय. भोकाभोकांचा, ओलसर. हा चिरा. तुम्ही गोव्यातल्या साष्टीत, राचोलच्या चर्चच्या भिंतीला टेकून उभे आहात. इथे चर्चला इगर्ज म्हणतात. अंगातला सदरा पाठीला चिकटलाय, कारण ही हवा मराठवाड्याची नाही. इथे घाम वाळतच नाही. खाली जुवारी नदीला ओहोटी लागलीय. चिखलाचा, मिठाचा आणि सुकत टाकलेल्या माशांचा वास एकदमच नाकात शिरतो. डोक्यावर माडाच्या झावळ्या सळसळतात. तुम्हाला वाटतं सर आली. नाही, नुसता वारा आहे.

आज राखेचा बुधवार. चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचा, म्हणजे इथल्या बोलीत करेज्माचा, पहिला दिवस. रांगेत घुसा. कोणी विचारणार नाही. पुढचा माणूस अनवाणी आहे, त्याच्या टाचांना भातखाचराचा चिखल वाळून बसलाय. पाद्री पुटपुटतो ते लॅटिन तुम्हाला कळत नाही. रांगेतल्या बहुतेकांनाही कळत नाही. पण राखेत बुडवलेला खरखरीत अंगठा कपाळाला टेकतो, थोडी राख नाकाच्या शेंड्यावर पडते आणि जे कळायचं ते कळतं. ही राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांची. झावळ्यांच्या रविवारी ज्या उंचावून, गात गात आणल्या होत्या, त्याच जाळलेल्या.

मग भूक सुरू होते. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' इथे चालत नाही. साबुदाण्याची खिचडी तर शोधूच नका. दिवसातून पोटभर जेवण एकदा, रात्री फार तर वाटीभर पेज. मांस बंद. आणि ज्याने तुम्ही नळदुर्गकर चक्रावून जाल ते हे, की उपवासाला मासा चालतो! उकड्या तांदळाचा भात, नारळाच्या रसातला बांगडा, वर आंबट आमसूल. पहिल्या शुक्रवारी तुम्हाला ही चैन वाटेल. तिसऱ्या शुक्रवारी, सकाळपासून रिकाम्या पोटी उन्हात शेताचा बांध घालून झाल्यावर, तीच ताटली पुढे आली की हात थरथरेल. शेजारचा जोडीदार घास घेण्याआधी थांबतो, क्रुसाची खूण करतो. त्याचीही भूक तुमच्याएवढीच आहे. तरी तो थांबतो. मला या सगळ्या व्रतात तो थांबण्याचा क्षणच सर्वांत मोठा वाटतो.

आठवडे मी भराभर उलटतो. तुम्हाला जिथे न्यायचं आहे तो रविवार पाचवा, दुःखभोगाचा. दुपार कलली आहे. इगर्जीत पाय ठेवताच तुम्ही दचकता, कारण वेदीवरच्या साऱ्या मूर्ती जांभळ्या कापडांनी झाकल्यात. ओळखीचे चेहरे नाहीत, नुसते जांभळे आकार. शिंपल्यांच्या खिडक्यांतून दुधासारखा उजेड आत येतो. बाया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, सगळे जमिनीवर. खोबरेल तेल, घाम, मेणबत्तीचं मेण, तान्ह्या पोराच्या ओठांवरचं दूध. एक म्हातारा सरकून जागा देतो.

"यो, बस."

मांडी घाला. गुडघा कोणाच्या तरी पाठीला लागतोच, लागू द्या.

वाचणारा जाड पोथी उघडतो. डोकावून बघा. अक्षरं रोमन आहेत, पोर्तुगीज वळणाची, कारण इथल्या छापखान्यात नागरी खिळे नाहीत. तुम्ही मनात म्हणता, झालं, पुन्हा काही कळणार नाही. वाचणारा खाकरतो, सूर धरतो आणि तुमचा कान ताठ होतो. मराठी! शब्द जरा जुने, मधूनच कोकणी ढंगाचे, पण मराठी. आणि चाल? तीन चरणांना यमक, चौथा आखूड, श्वास सोडायला. ही तर ओवी आहे. तुमच्याकडे देवळाच्या ओसरीवर पोथी लागते तेव्हा ऐकता तीच. तिच्यातून आता येशूची गोष्ट येतेय.

हे क्रिस्तपुराण. लिहिणारा थॉमस स्टीफन्स, जन्माने इंग्रज, येशूसंघाचा पाद्री. 1579 मध्ये तो गोव्याच्या बंदरात उतरला आणि साष्टीतच रमला. अडतीस वर्षं झाली, म्हातारा झालाय. गेल्याच वर्षी, 1616 मध्ये, राचोलला त्याचं पुराण छापून निघालं. आरंभीच त्याने मराठी भाषेची थोरवी मनापासून गायली आहे. पुराण का लिहिलं तेही तिथेच येतं. पूर्वीची पुराणं गेली, मग आता आम्ही ऐकायचं काय, असं इथल्याच एकाने विचारलं होतं. शेजारच्या म्हाताऱ्याकडे बघा. लहानपणी त्याने वेगळ्या पोथ्या ऐकल्या आहेत. त्या त्याच्या हातून गेल्या, आणि ते गमावणं लहान नव्हतं. ते मान्य केल्याशिवाय इथल्या शांततेचा अर्थ लागणार नाही. ही माणसं कथेला भुकेली आहेत, आणि ही भूक भात-माशाने भागणारी नाही.

आता बाग आली. रात्र, जैतुनाची झाडं, झोपलेले शिष्य. आवाज उतरतो. मग येशूला धरून नेतात, आणि त्याचा शिष्य पेत्र शेकोटीशी बसून सांगतोय की मी त्या माणसाला ओळखत नाही. बायांच्या बाजूने चुकचुकण्याचा आवाज येतो. दुसऱ्यांदा नाकारतो. कोणीतरी मान हलवतं. तिसऱ्यांदा नाकारतो तेव्हा तुमच्या बाजूचा म्हातारा स्वतःच्या मांडीवर हलकेच थाप मारतो, घरच्या पोराने चूक केल्यावर मारावी तशी. लॅटिन चालू असताना तो ताठ बसायचा. आता पुढे झुकलाय. इतक्या आठवड्यांचं रिकामं पोट, झाकलेल्या मूर्ती, कपाळावरची केव्हाच पुसलेली राख, सगळं इथे येऊन मिळतं. परकी गोष्ट आपल्या भाषेत आली आणि घरातली झाली.

वाचन संपतं तरी कोणी लगेच उठत नाही. पाण्याचा तांब्या फिरतो. तुम्हीही प्या.

पुढच्या दिवसांत कुमसाराची रांग लागेल. वर्षातून एकदा तरी पापं सांगितलीच पाहिजेत, आणि कोण आलं, कोण राहिलं याची नोंद पाद्रीकडे असते. रांगेत बांधावरून भांडलेले दोघे शेजारी नेमके एकामागे एक उभे राहतात. पहिला घसा साफ करतो, मागे न बघताच म्हणतो, "उद्या ये, दोरी धरून मापूया." दुसरा हुंकार देतो. आख्ख्या गावाने ऐकलेलं असतं.

पवित्र गुरुवारनंतर घंटा मुक्या होतात. त्यांच्या जागी लाकडी खटखटा वाजतो, सुका, हाडावर हाड आपटल्यासारखा. त्या आवाजाने तुमचे डोळे मिटतात.

उघडाल तेव्हा तळहाताखाली पुन्हा काळा, गार दगड.

स्टीफन्स 1619 मध्ये वारले. पुराण 1649 आणि 1654 मध्ये पुन्हा छापलं गेलं. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. पोथी उरली ती लोकांनी हाताने उतरून ठेवलेल्या प्रतींमुळे. त्यांवरून 1907 मध्ये मंगळूरला ती परत छापली गेली, 1956 मध्ये शांताराम बंडेलूंनी पुण्यात ती देवनागरीत आणली. एकूण 10,962 ओव्या. येत्या उपवासकाळात तुमच्या धर्मग्रामात, किंवा शेजारच्या चार घरांत, एका संध्याकाळी दुःखभोगाचा एक अवस्वरू, म्हणजे अध्याय, लावा. एकाने वाचावं, बाकीच्यांनी मांडी घालून ऐकावं. आणि उशिरा येणाऱ्यासाठी थोडं सरकून जागा ठेवा.