शून्य ठेवलं की काय उरतं?

शनिवारी संभाजीनगरला ताईकडे होतो. भाचा आलेख काढत बसला होता. "मामा, क्ष शून्य ठेवून य काढायचा, मग य शून्य ठेवून क्ष. पण शून्यच का?" मी म्हणालो, "रेषा अक्षांना तिथे छेदते म्हणून." उत्तर बरोबर, पण त्याचा चेहरा होता तसाच. मला तरी शाळेत कुठे याहून जास्त सांगितलं होतं! त्याच पाठांतरावर इंजिनिअर झालो :-)

मग आठवले भास्कराचार्य. त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा, म्हणजे आपल्या देवगिरीचा, ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्याने मठ काढला. त्याबद्दलचा १२०७ सालचा शिलालेख कन्नडचा घाट उतरल्यावर पाटणला सापडला.

भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'त एक गणित आहे. एकाकडे ३०० रुपये आणि ६ घोडे. दुसऱ्याकडे १० घोडे, पण डोक्यावर १०० रुपये कर्ज. दोघांची मालमत्ता सारखीच, तर घोडा केवढ्याचा? घोड्याची किंमत क्ष धरली, तर पहिल्याचे ६क्ष + ३००, दुसऱ्याचे १०क्ष − १००. उत्तर १००.

भास्कराचार्यांनी रेषा काढली नव्हती. समीकरणाची रेषेशी गाठ घातली देकार्त आणि फर्मा यांनी. देकार्तचं पुस्तक १६३७ चं, म्हणजे औरंगजेब पहिल्यांदा दख्खनचा सुभेदार झाला त्याच्या पुढच्या वर्षीचं. पण आपण काढू की!

क्ष शून्य, म्हणजे घोडे कुणी फुकटही घेईना. पहिल्याकडे उरले ३००, दुसऱ्याकडे उणे १००. एकाची रोकड, दुसऱ्याचं कर्ज. हाच तो य-अंतःखंड! आता य शून्य ठेवा. दुसऱ्याचा क्ष येतो १०. घोडा दहाला विकला तर सगळे घोडे कर्जात जातात, हातात काही नाही. पहिल्याचा येतो उणे ५०. आता उणे पन्नास रुपयांचा घोडा कुठल्या बाजारात मिळतो?

गंमत म्हणजे कर्जाला सरळ ऋण संख्या मानणारे भास्कराचार्यही अशा ठिकाणी थांबतात. त्यांच्या माकडांच्या गणितात ५० आणि ५ अशी दोन उत्तरं निघतात. ५ घेतलं तर मध्येच 'उणे दोन माकडं' येतात, म्हणून ते उत्तर त्यांनी सोडून दिलं. लोकांना ते पटत नाही म्हणाले. देकार्तने तर समीकरणाच्या ऋण उत्तरांना 'खोटी' असंच नाव दिलं होतं. असो.

भाच्याने विचारलं, "घोडा नऊचा झाला तर?"

"तूच काढ."

त्याने काढलं, उणे दहा. "म्हणजे घोडे विकूनही दहा रुपये देणं राहिलं?" मग पहिल्याची रेषा त्याने शून्याच्या डावीकडे उणे पन्नासपर्यंत नेली, पण तेवढा भाग नुसता ठिपक्यांनी काढला. मी सांगितलं नव्हतं.