नारिंगवृक्षाची विश्रांती : युरोपातील नारिंगगृहे आणि परभणीकडील बहार

थंड देशांतील उद्यानविद्येत एक वार्षिक परिपाठ सुमारे चारशे वर्षे चालत आलेला दिसतो. हिवाळाभर घरात जतन केलेली उष्ण प्रदेशातील झाडे मे महिन्यात उघड्यावर आणावयाची आणि शरदात हिमतुषार पडू लागण्यापूर्वी पुन्हा आत न्यावयाची, हा तो परिपाठ होय. इतिहासकारांनी ह्याची गणना बहुधा राजेरजवाड्यांच्या विलासात केली आहे. जेथे त्याच जातीची झाडे बारमाही उघड्या शेतात उभी असतात, त्या मराठवाड्यासारख्या प्रदेशाशी ह्या परिपाठाचा काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तथापि परभणी जिल्ह्यातील मोसंबीच्या बागेत बहार धरण्याची जी पद्धत आहे तिच्याशेजारी व्हर्सायच्या नारिंगगृहाचा कारभार ठेवून पाहिल्यास, दोन्हीकडे एकच प्रश्न सोडविला जात असल्याचे ध्यानात येते. तो प्रश्न झाड जगविण्याचा जितका आहे, तितकाच त्याला विश्रांती देण्याचा आहे.

नारिंग मूळचे पूर्वेकडील. ह्या कुलातील वृक्षांचा उगम हिमालयाच्या आग्नेय पायथ्यालगतच्या प्रदेशात झाला, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने दाखविले आहे. नारंग ह्या संस्कृत शब्दापासून फारसी नारंग, अरबी नारंज, स्पॅनिश नारांहा आणि शेवटी फ्रेंच ओरांज अशी परंपरा लागते. म्हणजे झाडाबरोबर नावही पश्चिमेस गेले. मोसंबी हे नाव मात्र उलट दिशेने, आफ्रिकेतील मोझांबिकवरून आपल्याकडे आले.

ह्या प्रवासाविषयीचा एक मोलाचा उल्लेख दहाव्या शतकातील अरब इतिहासकार अल् मसूदी ह्याच्या ग्रंथात सापडतो. हिजरी ३०० नंतर, म्हणजे इसवी सन ९१२ च्या सुमारास, नारिंग भारतातून आणले गेले. ते प्रथम ओमानात लावले, तेथून बसरा, इराक आणि सीरिया ह्या भागांत पसरले, असे तो नमूद करतो. परंतु भारतात ह्या फळाला जो सुगंध आणि जो रंग असतो तो तेथे राहिला नाही, कारण भारताची हवा, माती व पाणी तेथे नव्हते, अशी पुस्तीही तो जोडतो. झाड नेता येते, हवा नेता येत नाही, ही अडचण इतक्या जुन्या काळी इतक्या नेमकेपणाने क्वचितच कोणी मांडली असेल.

भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर ही उणीव सोसण्यासारखी होती. आल्प्सच्या उत्तरेस ती सोसण्यासारखी नव्हती. तेथे प्रथम योजलेला उपाय आज चमत्कारिक वाटेल. झाड हलविण्याऐवजी घरच हलवीत. हायडेलबर्ग येथील राजोद्यानात नारिंगवृक्ष जमिनीतच लावलेले होते. सप्टेंबरच्या अखेरीस त्यांच्याभोवती लाकडी घर उभारावयाचे, आत शेगड्या पेटवावयाच्या आणि ईस्टरच्या सुमारास ते सर्व उतरवून ठेवावयाचे, असा क्रम सालोमाँ द को ह्याने १६२० साली प्रसिद्ध केलेल्या त्या उद्यानाच्या वर्णनावरून कळतो. इंग्लंडमध्ये बेडिंग्टन येथे कॅर्यू घराण्याच्या बागेतही अशीच व्यवस्था होती. तेथील झाडे शतकाहून अधिक काळ टिकली, आणि १७३९-४० च्या भीषण हिवाळ्यात नष्ट झाली. दरवर्षी घर बांधणे व मोडणे हा खर्चाचा आणि कष्टाचा प्रकार होता. शिवाय एखाद्या वर्षी थंडी लवकर आली की सुतारांची धांदल उडत असणार.

सतराव्या शतकात घर स्थिर झाले आणि झाड चालू लागले. व्हर्साय येथे ल व्हो ह्याने १६६३ मध्ये बांधलेल्या नारिंगगृहाच्या जागी आर्दुआँ-मांसार ह्याने १६८४ ते १६८६ ह्या काळात प्रचंड नारिंगगृह उभारले. दीडशे मीटरांहून लांब असा त्याचा मुख्य दालनभाग दक्षिणाभिमुख आहे. भिंती जाड, खिडक्या दुहेरी. आत शेगडी न पेटवताही तेथील तापमान सहसा पाच अंश सेल्सिअसखाली उतरत नाही. झाडे चौकोनी लाकडी पेट्यांत लावलेली असून पेटीच्या बाजू उघडता येतात, त्यामुळे मुळे तपासणे व माती बदलणे सुलभ होते. आजही हजारांहून अधिक पेट्या मेच्या मध्यास बाहेर अंगणात मांडल्या जातात व ऑक्टोबरच्या मध्यास आत नेल्या जातात.

बाहेर काढण्याचा दिवस कसा ठरवावा? जॉन एव्हलिन ह्याने १६६४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या उद्यानपंचांगात ह्याची एक सोपी खूण दिली आहे: तुतीच्या झाडाला पाने फुटू लागली की नारिंगाच्या पेट्या निःशंकपणे बाहेर काढाव्यात. तुती ही थंडी पुरती सरल्याखेरीज पालवत नाही, एवढे तिचे चारित्र्य भरवशाचे होते. मृगाच्या आगमनावर पेरणीचा हिशेब मांडणाऱ्या शेतकऱ्याला ही रीत परकी वाटणार नाही. फरक इतकाच की एकीकडे खूण आकाशात आहे आणि दुसरीकडे फांदीवर.

खूण पटली तरी घाई चालत नसे. मंद उजेडात वाढलेले पान पातळ असते. एकाएकी कडक उन्हात आल्यास त्यातील हरितद्रव्याची यंत्रणा प्रकाशाचा भार पेलू शकत नाही, आणि पानावर पांढुरके, भाजल्यासारखे डाग पडतात. म्हणून पेटी किंवा कुंडी आधी सावलीत, मग सकाळच्या कोवळ्या उन्हात आणि आठपंधरा दिवसांनी पूर्ण उन्हात, अशी पायरीपायरीने नेतात. परभणीकडे हेच शास्त्र उलट बाजूने पाळले जाते. तेथे नव्या कलमाला उन्हाळ्यात पश्चिमेच्या बाजूने तुराट्यांचा किंवा गवताचा आडोसा करतात आणि पावसाळी हवा सुरू झाली की तो काढून घेतात. उत्तरेकडे जो उन्हाळा झाडाला बाहेर बोलावतो, तोच परभणीत त्याला आडोशाला पाठवतो.

ह्या परिपाठाचे आजचे वारसदार राजवाड्यांत थोडे आणि सामान्य घरांत पुष्कळ आहेत. अमेरिका व कॅनडा येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत कढीपत्त्याची कुंडी मे महिन्याच्या उत्तरार्धात मागील दारी येते आणि सप्टेंबर सरता सरता आत जाते. कढीपत्ता हा नारिंगाच्याच कुलातला. ह्या नात्याचा तापदायक परिणाम असा की, नारिंगवर्गीय झाडांना ग्रीनिंग नावाचा असाध्य रोग पोचविणारी सिट्रस सायला ही कीड कढीपत्त्यावरही पोसते. ती १९९८ मध्ये फ्लोरिडात आढळली, २००५ मध्ये तेथे त्या रोगाचीही नोंद झाली, आणि तेव्हापासून नारिंगवर्गीय रोपांबरोबर कढीपत्त्याच्या रोपांच्या वाहतुकीवरही तेथे निर्बंध आले. फोडणीपुरत्या ठेवलेल्या कुंडीकडे कृषिखात्याचे लक्ष जावे, ह्यात काहींना विनोद वाटेल. परंतु ज्या मोसंबीच्या बागायतदाराने ही कीड पाहिली आहे त्याला तसे वाटणार नाही.

आधुनिक घर आणि जुने नारिंगगृह ह्यांत एक महत्त्वाचा भेद आहे, व प्रस्तुत विषयाचे मर्म त्यातच आहे. नारिंगगृह थंड असे. पाचदहा अंशांत झाड जिवंत राही, परंतु वाढत नसे. आजच्या घरातील खोली वीस अंशांवर ठेवलेली, हवा कोरडी आणि उजेड अपुरा. तेथे झाडाला झोप लागत नाही आणि जागेपणीचे अन्नही मिळत नाही. लांबट, फिकट कोंब फुटतात, पाने गळतात. एव्हलिनच्या काळी शेगडीच्या कोंडलेल्या, भाजक्या हवेने झाडे मरतात हे लक्षात आले होते. १६९१ च्या आवृत्तीत त्याने बाहेरची ताजी हवा नळांवाटे तापवून आत घेणाऱ्या नव्या गृहाची योजनाही मांडली. ऊब हीच सर्व काही नव्हे, हा धडा त्याने शिकला होता. जुन्या नारिंगगृहांतील झाडे बाहेर आल्यावर भरघोस फुलत, त्याचे श्रेय केवळ मेच्या उन्हाला देणे चुकीचे ठरेल. ती आधी स्वस्थ निजली होती.

परभणीत अशी निद्रा कशी आणावयाची? १९ अंश अक्षांशावरील ह्या जिल्ह्यात उन्हाळ्याचे तापमान चाळीस अंशांपलीकडे सहज जाते. डिसेंबर-जानेवारीच्या काही रात्री चांगल्याच गारठ्याच्या असतात, पण दिवस उबदार राहतो. पाणी मिळत गेले तर मोसंबी वर्षभर थोडीथोडी पालवते, थोडीथोडी फुलते आणि एकही पीक धड देत नाही. म्हणून येथील बागायतदार पाणी तोडून विश्रांती घडवितो. ह्यालाच ताण देणे म्हणतात. जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या आंबे बहारासाठी पाऊस संपल्यावर ओलीत बंद करावयाचे, पाने मलूल होऊन काही गळू लागेपर्यंत थांबावयाचे, नंतर चाळणी व खते देऊन आंबवणीचे हलके पाणी, मग चिंबवणी, आणि पुढे नेहमीच्या पाळ्या. हलक्या जमिनीत महिना-सव्वा महिना पुरतो. भारी जमिनीत दोन महिन्यांपर्यंत थांबावे लागते. अत्यंत खोल काळ्या मातीत ताण बसतच नाही, कारण ती माती ओल सोडत नाही. कापसाला जी जमीन वैभव देते ती मोसंबीला झोपू देत नाही.

१९१८ मध्ये निजाम सरकारने परभणी येथे मुख्य प्रायोगिक क्षेत्र स्थापन केले. १९५६ मध्ये तेथे कृषी महाविद्यालय निघाले, आणि १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ अस्तित्वात आले, जे २०१३ पासून वसंतराव नाईक ह्यांच्या नावे ओळखले जाते. परंतु बहार धरण्याची रीत ह्या संस्थांनी निर्माण केलेली नाही. ती बागायतदारांच्या अनुभवातून आलेली आहे. तिचे कारण प्रयोगाने पुढे उलगडले. साउथविक व डेव्हनपोर्ट ह्यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसले की, लिंबाच्या झाडात फुलांची प्रेरणा थंडीने जशी निर्माण होते तशीच पाण्याच्या ताणानेही होते. व्हर्सायचा माळी आणि परभणीचा बागायतदार एकाच कुलुपाला दोन वेगवेगळ्या किल्ल्या लावीत होते. आंबे बहाराच्या वेळी तर परभणीत थोडा गारठा आणि थोडा ताण अशा दोन्ही किल्ल्या फिरतात.

ह्या दोन किल्ल्या मात्र सारख्या बिनधोक नाहीत. थंडीची विश्रांती मोडावयास पेटी उन्हात आणली की पुरते. ऊन कधीतरी येणारच. ताणाची विश्रांती मोडावयास ठरल्या दिवशी पाणीच लागते. आंबे बहार धरला तर फळे पोसण्यासाठी मार्च ते जून पाणी हवे. मृग बहार धरला तर ते पाणी वाचते, परंतु ताण एप्रिल-मेच्या उन्हात द्यावा लागतो आणि मृग कोरडा गेला तर झाडच धोक्यात येते. दिलेला ताण आणि पडलेला दुष्काळ ह्यांत झाडाच्या दृष्टीने भेद नाही. भेद आहे तो शेवटी विहिरीत पाणी असण्यानसण्याचा. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना व लगतच्या भागांत मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या. अनेकांनी टँकरने पाणी आणून झाडे धरून ठेवण्याचा प्रयत्न केला, अनेकांनी अखेर कुऱ्हाड लावली. एका बागेमागे फळ धरण्यापूर्वीची पाचसहा वर्षे उभी असतात, ती कोणत्याही भरपाईच्या हिशेबात नीट बसत नाहीत.

१९६५ मध्ये पायाभरणी होऊन १९७६ मध्ये लोकार्पण झालेल्या जायकवाडी प्रकल्पाचा डावा कालवा २०८ किलोमीटर वाहत परभणी जिल्ह्यात येतो. जिल्हा कालव्याच्या शेपटाकडे असल्याने वरच्या भागात पाणी किती मुरले, किती उचलले गेले, ह्यावर येथील पाळी अवलंबून राहते. ऑक्टोबरच्या मध्यास धरणातील उपयुक्त साठ्याचा हिशेब होतो आणि त्यावरून रब्बी व उन्हाळी पाळ्या ठरतात. ओलीत तोडण्याचे दिवस त्याच सुमारास येतात. आंबे बहाराचा ताण द्यावयाचा की नाही, हे कालव्याखालच्या बागायतदाराला त्या आकड्याकडे पाहूनच ठरवावे लागते.