रानडुकराच्या केसांवरून पडलेलं नाव

उत्तर अमेरिकेतल्या ह्युरॉन सरोवराला ज्यांचं नाव मिळालं, ते लोक स्वतःला ह्युरॉन म्हणवत नव्हते. त्यांचं आपलं नाव वेंडाट.

‘ह्युरॉन’ हे फ्रेंचांनी ठेवलेलं नाव. जेझुइट पाद्री जेरोम लालमां याने १६३९च्या वृत्तांतात त्याची हकिगत दिली आहे. या लोकांचं डोकं पट्ट्यापट्ट्यांनी भादरलेलं असे आणि मधले केस ताठ उभे. ते पाहून कुणा फ्रेंच खलाशाला रानडुकराचं राठ केसांचं डोकं, म्हणजे ‘ह्यूर’, आठवलं. हकिगत रंगतदार आहे; पण फ्रान्समध्ये ‘ह्युरॉन’ हा शब्द चौदाव्या शतकापासूनच गावंढळ, दांडगट माणसासाठी वापरात होता. त्यामुळे ही दुसरी व्युत्पत्ती अधिक पटते. कोणतीही धरा, नावात हेटाळणी आहेच, आणि तीच नकाशावर कायमची उमटली.

‘वेंडाट’चा अर्थ बहुतेक अभ्यासक ‘बेटावर राहणारे’ असा लावतात. जॉर्जियन उपसागर आणि सिमको सरोवर यांच्यामधल्या पाण्याने वेढलेल्या मुलखात मका पिकवणाऱ्यांना तो चपखल बसतो.

१६४९मध्ये इरोक्वॉइ लोकांच्या हल्ल्यांनी वेंडाटांची गावं उठली. काही कुटुंबं क्वेबेककडे गेली. त्यांच्या वंशजांच्या वस्तीचं नाव आज वेंडाके आहे, तर राष्ट्र म्हणून ते ‘ह्युरॉन-वेंडाट’ असं जोडनाव लावतात.