अंगठा दिसेपर्यंत...

विमान सुटायच्या वेळी खाली कानाला हेडफोन लावलेला एक माणूस असतो. टग विमानाला मागे ढकलत असतो आणि हा पुढच्या चाकाच्या आसपास, वायरने विमानाशी जोडलेला, कॅप्टनशी बोलत चालत असतो. आपण पट्टा शोधत असतो, त्यामुळे त्याच्याकडे कोणी फारसं बघत नाही. पण मंडळी, या माणसाचं काम जवळजवळ विमानाइतकंच जुनं आहे.

जेआरडी टाटा १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, त्या काळात छोट्या विमानांचं इंजिन बहुधा हाताने पंखा फिरवूनच चालू करत. खाली उभा असलेला माणूस ओरडून विचारायचा, "स्विच ऑफ?" वैमानिक स्विच बघून तेच शब्द परत उच्चारायचा. मग खालचा माणूस पंखा दोन-चार वेळा फिरवून सिलिंडरमध्ये पेट्रोल ओढून घ्यायचा. सगळं तयार झालं की म्हणायचा, "कॉन्टॅक्ट!" वैमानिकही "कॉन्टॅक्ट!" म्हणायचा आणि मगच स्विच चालू करायचा. पंख्याला हिसका देऊन खालच्याने झटकन मागे सरायचं. यात चूक झाली तर हात जायचा, नाहीतर जीव.

यात महत्त्वाचं काय, तर प्रत्येक प्रश्नाला मोठ्याने उत्तर. समोरच्याला कळलं असेल, असं धरून चालायचं नाही.

मग जेट आलं. एअर इंडियाची बोइंग ७०७ विमानं १९६० मध्ये मुंबईहून उडू लागली. आता हाताने काही फिरवायचं नव्हतं. आजही बहुतेक विमानांत शेपटीतल्या छोट्या इंजिनातून दाबाची हवा येते, तिच्यावर मोठं इंजिन फिरू लागतं, वेग आला की इंधन सोडतात. पण धोका संपला नाही, त्याचं रूप बदललं. जुना पंखा निदान आपल्या जागी फिरायचा, तुम्ही त्याच्याकडे गेलात तरच लागायचा. जेट इंजिन तुम्हाला आपल्याकडे ओढतं. मधल्या आकाराच्या विमानाचं इंजिन नुसतं मंद चालू असलं तरी त्याच्यापुढचे तीनेक मीटर धोक्याचे, शक्ती वाढवली की आणखी जास्त. मागच्या बाजूला गरम झोत अंगावर येतो, त्यामुळे माणूस आपोआप सावध होतो. पुढच्या बाजूला मात्र पूर्वसूचना जवळजवळ नसतेच. त्यात आजूबाजूला दहा इंजिनांचा आवाज, आणि कान वाचवण्यासाठी लावलेल्या मफमुळे जवळच्या इंजिनाचाही नीट अंदाज येत नाही!

म्हणून खुणांची एक भाषा तयार झाली. इंजिन चालू करण्याआधी विमानाच्या पाठीवर आणि पोटाखाली लाल दिवा लुकलुकतो. इंजिनाच्या मध्यावर पांढरा फराटा रंगवलेला असतो, तो फिरताना दिसला की समजायचं. टग सुटल्यावर हेडफोनवाला वायर काढतो, पुढच्या चाकातली लाल फीत लावलेली पिन काढतो, लांब जाऊन ती कॅप्टनला दाखवतो आणि अंगठा वर करतो. कॅप्टनने ते पाहून खूण परत करायची. तेच जुनं "कॉन्टॅक्ट", फक्त शब्दांशिवाय.

१६ डिसेंबर २०१५ च्या रात्री मुंबई विमानतळावर हे संभाषण तुटलं. एअर इंडियाचं हैदराबादला निघालेलं एअरबस ३१९ मागे ढकलून झालं होतं, इंजिनं चालू होती. जमिनीवरचा तंत्रज्ञ अजून विमानाजवळच होता, आणि विमान पुढे निघालं. तो इंजिनात ओढला गेला. सहवैमानिकाने खूण चुकीची समजली, असं तेव्हा प्राथमिक माहितीत सांगितलं गेलं.

अशा घटना आणखीही आहेत. १६ जानेवारी २००६ ला अमेरिकेत एल पासोला बोइंग ७३७ च्या इंजिनातली तेलगळती तपासण्यासाठी फाटकाशीच इंजिनाची शक्ती वाढवली होती. तपासणारा मेकॅनिक उठून धोक्याच्या हद्दीत गेला. ३१ डिसेंबर २०२२ ला माँटगोमेरीला विमान येऊन थांबलं होतं, पण शेपटीतलं छोटं इंजिन नादुरुस्त असल्याने मोठी इंजिनं लगेच बंद केली नव्हती. लाल दिवा चालू होता. विमान येण्याआधी इंजिनापासून दूर राहण्याबद्दल कर्मचाऱ्यांना दोनदा सांगितलंही होतं. तरी एक कर्मचारी गेली.

तेव्हा "अडाणीपणा" किंवा "निष्काळजीपणा" म्हणून हा विषय मिटत नाही. ही रोजचं काम करणारी माणसं होती. रोज तेच केलं की हात सवयीने चालतात, आणि आपण सूचना ऐकली म्हणजे आपल्याला इंजिनही दिसतंय, असं वाटू लागतं. शिवाय विमान वेळेवर सुटलं पाहिजे, याचं ओझं सगळ्यांच्याच डोक्यावर.

बंद केलेलं इंजिन पूर्ण थांबायला अर्ध्या मिनिटापासून एक मिनिट लागू शकतं. अंगठा दिसायला त्याहून कमी. नव्वद वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला ही थांबण्याची किंमत पक्की ठाऊक होती, कारण त्याचा हात पंख्यावर असायचा. आज स्विचवर हात एकाचा असतो आणि जीव दुसऱ्याचा. म्हणूनच खालून उत्तर येईपर्यंत थांबायला हवं.