कुकचे दुसरे जहाज

जेम्स कुकसाठी इंग्लंडच्या आरमाराने नवे जहाज कधीच बांधले नाही. त्याच्या तीन सफरींतली सगळी जहाजे बाजारातून विकत घेतलेली होती. सगळी व्हिट्बीच्या गोदीत बांधलेली, दुसऱ्या कोणाच्या मालकीची आणि मुळात दुसऱ्याच कामासाठी, म्हणजे कोळसा वाहण्यासाठी, योजलेली. त्यांपैकी दुसऱ्या जहाजाची, ‘रिझोल्यूशन’ची, कथा मला अधिक अर्थपूर्ण वाटते. पहिले जहाज मिळाले होते, दुसरे मागून घेतले होते. काय हवे हे अनुभवाने कळल्यावर माणूस नेमके काय मागतो, हे या निवडीत दिसते. आणि तेच जहाज डोळ्यांसमोर असताना दुसऱ्या माणसाला त्यात काय दिसते, हेही.

पहिले जहाज ‘एन्डेव्हर’. मूळचे नाव ‘अर्ल ऑफ पेम्ब्रोक’, बांधणी १७६४ ची, ३६८ टनांचे. १७६८ मध्ये आरमाराने ते सुमारे २,८४० पौंडांना घेतले आणि त्यात नव्वदांहून अधिक माणसे कोंबून कुकला दक्षिण समुद्रात धाडले. जून १७७० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या प्रवाळरांगेवर ते आदळले. तोफांसह चाळीस-पन्नास टन ओझे समुद्रात फेकल्यावर, जवळजवळ एका दिवसाने, ते सुटले. पुढे एका नदीच्या मुखाशी त्याला किनाऱ्यावर ओढून आडवे केले, तेव्हा तळाच्या भोकात प्रवाळाचाच एक मोठा तुकडा बुचासारखा अडकलेला सापडला. दुरुस्तीला सुमारे सात आठवडे लागले.

या प्रसंगात दैवाचा भाग आहेच. पण किनाऱ्यावर ओढता येणे हा दैवाचा भाग नव्हे. कोळशाच्या जहाजांचा तळ रुंद आणि सपाट असे. ओहोटीला ती वाळूत बसत, माल उतरवत आणि भरतीला पुन्हा तरंगत. खाडीकाठी वाढलेल्या वाचकाला हे दृश्य समजावून सांगायला नको. खोल तळाची देखणी युद्धनौका अशी बसवू गेले तर कलंडते. कुक हे पुस्तकातून शिकला नव्हता. १७४६ मध्ये, अठराव्या वर्षी, तो व्हिट्बीच्या जॉन वॉकर या जहाजमालकाकडे उमेदवारीला राहिला होता आणि त्याची पुढची काही वर्षे कोळशाच्याच जहाजांवर गेली होती.

म्हणून १७७१ मध्ये दुसऱ्या सफरीची सिद्धता सुरू झाली तेव्हा मोठे जहाज घ्यायचे ठरले, पण जात तीच ठेवली. ‘मार्क्विस ऑफ ग्रॅन्बी’ हे ४६२ टनांचे, जेमतेम वर्षभर वापरलेले जहाज ४,१५१ पौंडांना घेतले गेले. जोडीला ३३६ टनांचे ‘मार्क्विस ऑफ रॉकिंगहॅम’. एकट्या जहाजाने फुटायचे ठरवले तर परतीचा मार्गच उरत नाही, हा प्रवाळाने शिकवलेला दुसरा धडा. या दोघांना आधी ‘ड्रेक’ आणि ‘रॅले’ अशी नावे दिली होती. पण ही नावे स्पेनला झोंबतील म्हणून ती बदलून ‘रिझोल्यूशन’ आणि ‘अॅडव्हेंचर’ झाली. सरदारांच्या नावांवरून चाच्यांच्या, आणि तिथून भाववाचक नामांपर्यंतचा हा प्रवास काही महिन्यांत झाला. नामकरणाचे राजकारण शिकवणाऱ्यांनी हे उदाहरण वर्गात वापरायला हरकत नाही.

आता जोसेफ बँक्सकडे वळू. एकोणतीस वर्षांचा, अतिश्रीमंत, पहिल्या सफरीनंतर लंडनभर कुकपेक्षाही अधिक गाजलेला हा वनस्पतिशास्त्रज्ञ. या वेळी त्याच्या परिवारात शास्त्रज्ञ आणि चित्रकार होतेच, शिवाय शिंग वाजवणारे वादकही होते. एवढ्या माणसांना जागा हवी. मुख्य दालन बँक्सला दिल्यामुळे खुद्द कप्तानासाठी वर आणखी एक खोली उभारणे आले. डेकवर डेक चढला. कुकने या वेळी ठाम विरोध केला असे दिसत नाही. थोरामोठ्यांच्या मर्जीने वर आलेल्या शेतमजुराच्या मुलाला तो कितपत परवडला असता, हा प्रश्नच आहे.

मे १७७२ मध्ये जहाज थेम्समधून खाली निघाले आणि डोलू लागले. वरचा भार इतका झाला होता की नदीतल्या वाटाड्याने ते खुल्या समुद्राकडे नेण्याचे नाकारले. बँक्सचाच स्नेही असलेल्या चार्ल्स क्लार्क या अधिकाऱ्याने त्याला कळवले, की आपण कशातही बसून समुद्रावर जायला तयार आहोत, पण याहून असुरक्षित जहाज पाहिलेले नाही. शीअरनेसच्या गोदीत सगळे वरचे बांधकाम उतरवले गेले. ते पाहून बँक्सने धक्क्यावर पाय आपटून शिव्यांची लाखोली वाहिली, असे जहाजावरच्या एका तरुण उमेदवाराने पुढे लिहून ठेवले आहे. बँक्सने सफर सोडली आणि तो आइसलंडला गेला.

बँक्सला इथे खलनायक करण्याची सवय चरित्रकारांना आहे. मला ती थोडी अन्यायाची वाटते. ज्ञानासाठी जहाज असावे, जहाजासाठी ज्ञान नव्हे, ही त्याची भूमिका मूलतः चूक नव्हती. चूक इतकीच, की मोठे म्हणजे उंच असे त्याने धरले. कुकच्या लेखी मोठे म्हणजे पोटाने मोठे. १७७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तांताच्या प्रस्तावनेत त्याने याचा ऊहापोह केला आहे: तोफांची युद्धनौका नको, ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारासारखे भव्य जहाजही नको, पुष्कळ शिधा सामावणारे, उथळ पाण्यात चालणारे, गरज पडल्यास किनाऱ्यावर आडवे करता येणारे जहाज हवे. पहिल्या सफरीचा वृत्तांत हॉक्सवर्थ नावाच्या व्यावसायिक लेखकाने सजवून लिहिला होता आणि कुकला तो रुचला नव्हता. या वेळी त्याने स्वतः लिहिले. संपादनापुरती जॉन डग्लस या धर्मोपदेशकाची मदत घेतली. त्याचे गद्यही त्याच्या जहाजासारखेच आहे, वर काही चढवलेले नाही.

बँक्सच्या जागी योहान फॉर्स्टर आणि त्याचा सतरा वर्षांचा मुलगा गेऑर्ग आले. गेऑर्गने लिहिलेले प्रवासवर्णन आज कुकच्या वृत्तांताच्या बरोबरीने वाचले जाते. विल्यम वेल्स हा खगोलवेत्ताही याच जहाजावर होता. परतल्यावर तो लंडनच्या ख्राइस्ट्स हॉस्पिटल शाळेत गणित शिकवू लागला आणि तिथे पुढे कोलरिज विद्यार्थी होता. वृद्ध खलाशाच्या कवितेतला बर्फ त्या वर्गातून आला असावा, असे काही अभ्यासक मानतात. पुरावा परिस्थितिजन्य आहे, पण मोह होण्याजोगा.

तो बर्फ ‘रिझोल्यूशन’ने जवळून पाहिला होता. १७ जानेवारी १७७३ रोजी तिने दक्षिण ध्रुववृत्त ओलांडले. याआधी ते कोणी ओलांडल्याची नोंद नाही. वर्षभराने ती ७१ अंश १० मिनिटे दक्षिणेपर्यंत गेली. तीन वर्षांनी, जुलै १७७५ मध्ये, ती परतली. आपण पाहिलेल्या जहाजांत या कामाला हेच सर्वांत योग्य, असा निर्वाळा कुकने दिला.

तिसऱ्या सफरीला त्याने तेच जहाज घेतले. या वेळी मात्र डेप्टफर्डच्या सरकारी गोदीतली डागडुजी निष्काळजीपणे झाली होती आणि कुकचे लक्ष आपल्या पुस्तकाकडे होते. निघाल्यापासूनच जहाजात पाणी झिरपत होते. फेब्रुवारी १७७९ मध्ये, हवाई बेटांवरचा सन्मानाचा मुक्काम आटोपून निघाल्यावर काही दिवसांतच वादळात पुढची डोलकाठी निकामी झाली. ती दुरुस्त करायला केआलाकेकुआच्या उपसागरात परत वळावे लागले. या वेळी स्वागत पहिल्यासारखे नव्हते. डोलकाठी किनाऱ्यावर उतरवून सुतार कामाला लागले. दरम्यान सोबतच्या ‘डिस्कव्हरी’ची एक होडी चोरीस गेली, ती परत मिळवण्यासाठी तिथल्या राजाला ओलीस धरायला कुक किनाऱ्यावर उतरला, आणि १४ फेब्रुवारीला तिथेच मारला गेला.

‘रिझोल्यूशन’ १७८० मध्ये त्याच्याशिवाय मायदेशी आली. तिला पुन्हा मालवाहू करण्यात आले. १७८२ मध्ये ती फ्रेंचांच्या हाती पडली.